शपथेवर आजारी

आमच्या मुन्शीजींच्या नावावर कोर्टात अठरा चुका होत्या आणि त्यांतली एकही त्यांची नव्हती.

हे मी कौतुकानं सांगतेय की रागानं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. पवनीला कोर्टासमोरच्या ओळीत आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस होतं आणि त्या ऑफिसात ते अठ्ठावीस वर्षं मुन्शी होते. वकिलाच्या हाताखालच्या कारकुनाला आमच्याकडे मुन्शी म्हणतात, आणि माणूस जरा जुना झाला की पुढे 'जी' लागतो. पगार मात्र 'जी' लागल्यानं वाढत नाही. मी तिथे लागले तेव्हा बी.कॉम. झालेली होते, टायपिंगच्या दोन परीक्षा पास होते आणि कोंढ्याहून रोज बसनं ये-जा करत होते. पगार सहा हजार. त्यातला बराचसा बसवाल्यांचाच. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "दिवाळीपर्यंत पाह्यतो. पगार वाढला तं ठीक, नाही तं घरी बस. तिकीट काढाले नोकरी करतेस का?"

त्यामुळे ते सगळं वर्ष मी दिवाळीला भिऊन काढलं.

तर चुका. खालच्या कोर्टात हरलेल्या माणसाला जिल्हा कोर्टात अपील करायला तीस दिवस असतात. एकतिसाव्या दिवशी गेलात की सोबत विलंब माफीचा अर्ज लागतो, आणि उशीर का झाला याचं शपथपत्र. आता उशीर का झाला? खरं म्हणजे साहेब नागपूरला कोणाच्या तरी लग्नात होते. पण तसं लिहायची रीत नाही. पक्षकारावर ढकललं तर पक्षकार दुसऱ्या वकिलाच्या पायरीवर जाऊन बसतो. मग उरतो कोण? 'आमचा कारकून आजारी असल्याकारणाने' हे वाक्य आमच्या कॉम्प्युटरमध्ये तयारच ठेवलेलं होतं. फक्त आजार भरायची जागा रिकामी सोडलेली.

ती जागा मुन्शीजी भरत. त्यांच्याकडे एक लहानशी डायरी होती, त्यात आजवर झालेले सगळे आजार तारीखवार लिहिलेले. एकदा कावीळ झाली की पाच वर्षं पुन्हा होऊ द्यायची नाही, असा त्यांचा नियम. विषमज्वर, मलेरिया, कमरेत उसण, मोतीबिंदूचं ऑपरेशन. सासू एकदाच वारली होती, आणि ती खरोखरच वारली होती, म्हणून ते कारण वापरताना त्यांनी दोन दिवस विचार केला होता म्हणे.

पण खरा विक्षिप्तपणा पुढेच होता. शपथपत्रावर सही झाली की ते त्या आजाराचं पथ्य सुरू करत. मी लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्यांना शपथेवर पोटाचा विकार झाला. त्या दिवसापासून पंधरा दिवस त्यांच्या डब्यात पेज आणि उकडलेला दोडका. कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा-पोह्यांसाठी सगळे गोळा व्हायचे, पोह्यांवरच्या झणझणीत तर्रीचा वास सुटलेला असायचा, आणि हे एका कडेला उभे राहून पेज पीत. मी न राहवून विचारलं, "मुन्शीजी, खरंच पोट बिघडलं का?"

"नाही ना. पोट चांगलं आहे."

"मग?"

"अवो, देवाची शपथ घेतली आहे. सांगितलं बिमार, अन् खाऊन राहिलो तर्री, तं थे खोटं नाही का होनार? आता मांगून तरी खरं करू द्या."

एकदा 'फाइल गहाळ झाली' असं लिहिलं होतं, तर त्यांनी ती फाइल कपाटावर पाठीमागे सरकवून ठेवली आणि तीन दिवस आम्हाला शोधू दिली. चौथ्या दिवशी स्वतःच काढून धूळ झटकली. "आता गहाळ झाली होती म्हनाले हरकत नाही," म्हणाले. मी त्या तीन दिवसांत रडकुंडीला आले होते.

पगाराचा विषय मी एकदाच काढला. मोबाइलवर एक व्हिडिओ पाहत होते, वकिलाच्या ऑफिसात काम करणाऱ्यांनी पगार वाढवायला काय काय शिकावं, असा. त्यातली बाई आम्हाला 'पॅरालीगल' म्हणत होती. मुन्शीजींनी मान वाकडी करून ऐकलं.

"काय म्हनते थे? पऱ्हेलीगल?"

"पॅरालीगल. म्हणजे आपणच."

"मी म्हटलं धानाचे पऱ्हे का काय." मग स्वतःशीच हसले आणि बराच वेळ हसत राहिले. धानाची रोपं आमच्याकडे पऱ्हे. आधी एका लहानशा वाफ्यात टाकायची, मग उपटून चिखलात रोवायची. हसू थांबल्यावर ते म्हणाले, "शब्द बरोबर आहे पन. पऱ्हं टाकलं तेथंच ठेवलं तं पिवळं पडते. उपटून दुसऱ्या बांधीत रोवलं का मंग वाढते. पगाराचं बी तसंच, पोरी. जागा बदलल्याशिवाय वाढत नाही."

"मग तुम्ही का नाही बदललीत?"

 त्यावर त्यांनी आपला पगार कसा वाढला ते सांगितलं. साहेबांचा एखादा मोठा अर्ज मुन्शीजींच्या आजारपणावर मंजूर झाला, की साहेब पुढच्या महिन्यात थोडी वाढ देत. "माह्या पगारात पाचशे विषमज्वराचे आहेत. तीनशे कावीळचे. उसणीचे काहीच भेटले नाही, थो अर्ज नामंजूर झाला होता." हे त्यांनी अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. मी हसले आणि लगेच मला भीती वाटली. कारण त्या व्हिडिओतल्या बाईनं सांगितलेलं सगळं या माणसाला येत होतं आणि त्याचा त्याला एक रुपयाही मिळालेला नव्हता.

येत होतं म्हणजे काय काय! भंडारा जिल्ह्याचे जुने जमिनीचे कागद हिंदीत आहेत, मध्य प्रांताच्या वेळचे, आणि अक्षर असं की मुंगी शाईत बुडून कागदावर चालल्यासारखं. नवे वकील ते हातात धरून उजेडाकडे बघत बसायचे. मुन्शीजी ते वर्तमानपत्रासारखे वाचायचे. दुपारी काम कमी असलं की मला समोर बसवून एकेक शब्द लावून द्यायचे. आज मी भंडाऱ्यात बसून त्याच कागदांची भाषांतरं करून देते आणि माझं घर त्यावर चालतं. त्या वेळी मात्र मला ते कंटाळवाणं वाटे.

दुसरं म्हणजे त्यांची वाचायची पद्धत. कुठलाही मसुदा ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत. वरून वाचलं की डोळा शहाणपणा करतो, म्हणायचे. एकदा मी मोबाइलवर बोलून मजकूर उतरवला. आसगावच्या एका बाईंचा दावा होता. त्यांच्या वाटणीच्या शेतात बोडी होती. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, धानाच्या शेवटच्या पाण्याला त्याचाच आधार. मोबाइलला बोडी कुठून माहीत असणार? 'वादीच्या शेतात जुनी बॉडी असून तिच्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी राहते.' मी तीनदा वाचलं होतं, मला दिसलं नाही. मुन्शीजींनी खालून चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पोलिसाईले बोलावू का?"

आणि तिसरं, दिवस मोजणं. मुदतीचे दिवस ते बोटांच्या पेरांवर मोजत, तीन वेळा. मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. निकालाचा दिवस सोडायचा, नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळायचे, सुट्ट्या पाहायच्या. आणि शेवटची तारीख डायरीत कधी लिहायची नाही, दोन दिवस आधीची लिहायची. "शेवटचा दिवस हा दिवसच नोय," ते म्हणायचे. "थो खड्डा आहे. तेच्या काठावर कायले उभं राहाचं?"

एवढं सगळं शिकवलेलं असूनही मी त्या खड्ड्यात पडले.

आसगावच्या त्या बाई खालच्या कोर्टात हरल्या. बोडी दिराच्या नावावर गेली. बाई ऑफिसात येऊन बाकड्यावर बसल्या, रडल्या वगैरे नाहीत, फक्त म्हणाल्या, "पानी त्याईचं झालं तं धान माहं कसं होईन?" अपील करायचं ठरलं. त्याच आठवड्यात मुन्शीजींच्या लेकीला मुलगी झाली आणि ते बपेऱ्याला गेले, पार मध्य प्रदेशच्या सीमेवर. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी मागितलेली ती पहिली खरी रजा होती. जाताना मला म्हणाले, "तू मोज. मीनं मोजून ठेवलं आहे, पन सांगत नाही."

मी मोजलं. बपेऱ्याहून फोन आला. "किती येते?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी संपते मुदत."

"बोटावर मोजलं का मोबाइलवर?"

"बोटावर."

"बरोबर आहे. मंग पोळ्याच्या आधीच टाक."

पोळ्याच्या आधी साहेबांची सही झाली नाही. पण मी घाबरले नव्हते, कारण तहसील कार्यालयाच्या फळ्यावर मी स्थानिक सुट्ट्यांची यादी वाचली होती. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा, सुट्टी. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर दुसऱ्या दिवशी दाखल करता येतं, हे मुन्शीजींनीच शिकवलेलं. मला उलट बरं वाटलं, एक दिवस हातात आला. मुन्शीजींचा पुन्हा फोन आला, "टाकलं का?" मी म्हटलं, "हो, होऊन राहिलं." ते खोटं होतं. साधंसं, रोजचं खोटं.

तान्ह्या पोळ्याला मी कोंढ्याला घरी होते. लहान मुलांचा सण तो, लाकडी बैल सजवून दारोदार न्यायचे. भाचीच्या बैलाला मी जुन्या ब्लाउजची झूल शिवली, तिला काच लावली, आणि दिवसभर फार खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला कोर्टाच्या खिडकीशी कागद दिले. आतल्या कारकुनांनी तारखा पाहिल्या आणि मला म्हणाले, "मॅडम, काल काहून नाही आलात?"

"काल सुट्टी होती ना. तान्हा पोळा."

"तहसीलले असन. कोर्ट चालू होतं. आमची यादी वेगळी असते." त्यांनी पेनानं माझ्या डाव्या हाताची भिंत दाखवली. तिथे कोर्टाच्या सुट्ट्यांची यादी लावलेली होती. तिच्यात पोळा होता. तान्हा पोळा नव्हता.

 मी तिथल्याच पायरीवर बसले आणि भिंतीवरची यादी खालून वर वाचू लागले. तरी तिच्यात तान्हा पोळा सापडला नाही. डोळ्यांपुढे एकच येत होतं, मी झूल शिवत होते तेव्हा त्या बाईंची बोडी जात होती.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. "मुन्शीजींना फोन लाव," एवढंच म्हणाले.

"साहेब, चूक माझी आहे. ते तर इथे नव्हतेच."

"तू नवीन आहेस. तुझ्या नावावर आत्तापासून कशाला? त्यांचं नाव सरावाचं आहे."

आणि मला हायसं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं. दिवाळी दीड-दोन महिन्यांवर होती. माझी चूक त्यांच्या नावावर गेली की माझी नोकरी वाचत होती, आणि मी गप्प बसले.

मुन्शीजी बपेऱ्याहून निघाले, तुमसर, भंडारा अशा बसा बदलत संध्याकाळी ऑफिसात आले. पिशवीत बाळंतिणीचे डिंकाचे लाडू होते, ते मला दिले. मला एक शब्द बोलले नाहीत. मी खोटं बोलले होते त्याबद्दलही नाही. खुर्चीवर बसून स्वतःच्या हातानं शपथपत्र लिहिलं: 'सुट्ट्यांची यादी मी वाचली व माझा गैरसमज झाला.' सही केली. एकोणिसावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले, "चाल." मला घेऊन तहसीलच्या फळ्यासमोर गेले आणि चष्मा लावून सुट्ट्यांची अख्खी यादी मोठ्यानं वाचली. येणारे-जाणारे थांबून पाहायला लागले. वाचून झाल्यावर चष्मा खिशात ठेवत म्हणाले, "वाचली. आता गैरसमज बी करून घेतो. झालं खरं."

"मुन्शीजी, ती आधी वाचायला हवी होती तुम्ही."

"कोनत्या दिवशी वाचली, असं लिहिलं आहे का शपथपत्रात?"

मी हसायला हवं होतं. हसू आलं नाही.

दिराचा वकील तरुण होता, भंडाऱ्याचाच. त्यानं काय केलं, तर कोर्टाच्या वेबसाइटवर बसून आमच्या ऑफिसच्या विलंब माफीच्या अर्जांवरचे जुने आदेश शोधून काढले. सगळे. त्यांचा गठ्ठा करून उत्तराला जोडला आणि वर लिहिलं, 'सदर कारकुनाच्या प्रकृतीचा इतिहास पाहता ते हयात आहेत हेच आश्चर्य आहे.' वाचताना साहेबसुद्धा क्षणभर हसले, आणि मग पान उलटल्यावर हसायचे थांबले. कोर्टानं आदेश केला होता, पुढच्या पेशीला कारकुनानं स्वतः हजर राहावं. शपथपत्र खोटं आढळलं तर विलंबाचा अर्ज तर जाणारच होता, वर मुन्शीजींवर फौजदारी होऊ शकत होती.

मधले पंधरा दिवस कसे गेले ते मलाच माहीत. मुन्शीजींनी टपरीवर जाणं सोडलं. दिवस मोजायला लागले की मध्येच थांबायचे आणि बोटाकडे पाहत राहायचे. एकदा मला विचारलं, "खोट्या शपथेले किती साल असते वो?" ते त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या मिसेसचा मला फोन आला, "पोरी, हे कायले घाबरून राहिले? काही खातच नाहीत. आता कायचं पथ्य आहे?" मी सांगितलं, काही नाही, कामाचा ताण आहे. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. रोज सकाळी बसमध्ये ठरवायची, आज साहेबांना सांगायचं, आणि रोज संध्याकाळी न सांगता परत यायची. घरी बाबा दिवाळीचं विचारायचे.

पेशीच्या दिवशी आसगावच्या बाईही आल्या होत्या. पुकारा झाला. मुन्शीजी पुढे गेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता त्यांनी, आणि त्याची वरची गुंडी लावलेली होती. न्यायाधीश मॅडम शांत होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि एकच प्रश्न विचारला.

"मुदत संपली त्या दिवशी आपण पवनीला होतात का?"

साधा प्रश्न. 'होय' म्हणायचं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कागदावर काय काय लिहून दिलं होतं, पण समोर उभं करून त्यांना कोणी कधी विचारलेलं नव्हतं.   त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब फाइलची पानं उलटत होते. मुन्शीजींच्या हाताची बोटं एकमेकांवर फिरायला लागली, पहिलं पेर, दुसरं पेर, जणू काही मोजलं की उत्तर येईल.

मी शेवटच्या बाकावरून उठले. "मॅडम, ते त्या दिवशी बपेऱ्याला होते. लेकीकडे. यादी मी वाचली होती. चूक माझी आहे."

"मग हे शपथपत्र?"

 मॅडमनी आमच्या तिघांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर खरं काय ते तुमच्या हातानं लिहून आणा.

बाहेरच्या बाकड्यावर बसून मी लिहिलं. फळा, यादी, भाचीचा लाकडी बैल, फोनवर बोललेलं खोटं, सगळं. मुन्शीजी शेजारी बसले होते. मी कागद संपवल्यावर त्यांनी तो मागून घेतला, खालच्या ओळीपासून वर वाचला, एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दिला आणि परत केला. दुपारी तो अर्ज मंजूर झाला. मॅडम मुन्शीजींना म्हणाल्या, "वयाकडे पाहून सोडते आहे. पण यापुढे या कोर्टात आपलं शपथपत्र चालणार नाही." साहेबांना जवळ बोलावून त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण साहेबांची मान खाली गेलेली दिसली.

आसगावच्या बाईंनी माझा हात धरला. बोडीचं भांडण आता निदान ऐकलं तरी जाणार होतं. मला वाटलं, सुटलो सगळे.

बसमध्ये मुन्शीजी माझ्याशेजारी बसले. अड्याळ आल्यावर म्हणाले, "तुले कोनी इचारलं होतं?"

"मुन्शीजी, बाईंचं काम झालं."

"झालं. माहं बी झालं."

मला ते तेव्हा समजलं नाही. महिनाअखेरीला समजलं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी प्रेमानं सांगितलं की आता आराम करा, नातीला खेळवा. ज्याच्या सहीवर कोर्ट विश्वास ठेवत नाही, त्या मुन्शीचं साहेबांना काय काम? जुने कागद वाचणं, दिवस मोजणं, खालून वर वाचणं, यातल्या कशाचीही आठवण त्या वेळी कोणाला झाली नाही. मुन्शीजींनी चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले.

त्याच महिन्यात माझा पगार नऊ हजार झाला. बाबा खूश झाले, गल्लीत पेढे वाटले. माझ्या वाटचा पेढा मी भाचीला देऊन टाकला. मी खरं बोलले होते. त्याची किंमत मात्र त्यांनी दिली होती आणि वाढ मला मिळाली होती.

दिवाळीनंतर आठवड्यानं माझ्या टेबलावर एक कागद आला. एका दाव्यात उत्तर दाखल करायची तारीख साहेबांकडून निघून गेली होती. विलंब माफीचा अर्ज, सोबत शपथपत्र. 'आमच्या कार्यालयातील कारकून डेंगूने आजारी असल्याकारणाने.' खाली माझं नाव. साहेब आतून म्हणाले, "सही करून ठेव गं. आता तुझ्या शब्दाला त्या कोर्टात वजन आहे."

वजन! मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि रविवारी मुन्शीजींच्या घरी गेले. कोष्ट्यांच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. ते ओट्यावर उन्हात बसले होते, वाळलेले दिसत होते. मी कागद पुढे केला. मला वाटलं होतं ते फाडतील, रागावतील, निदान काहीतरी बोलतील. त्यांनी चष्मा लावला, खालून वर वाचला आणि डेंग्यूतला राहिलेला य पेनानं घातला.

"डेंग्यू नवा आहे," ते म्हणाले. "माह्या वेळी नव्हता. याले पानी लगित, घागरभर प्यावं लागते. पपईच्या पानाचा रस सांगतात. पंधरा दिवस तेलकट खाऊ नोको, अन् एक-दोन दिवस बसमधी नको येऊ, घरीच पडून राह्य. मंग खोटं होत नाही."

अगदी मायेनं सांगत होते.  त्या क्षणी मला माझी पुढची अठ्ठावीस वर्षं दिसली, एकेक आजारपण, एकेक वाढ.

सोमवारी मी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.  "साहेब, मला डेंग्यू झालेला नाही."

"म्हणजे?"

"मी सही करणार नाही."

"पगार वाढवलाय तुझा."

"तो परत सहा करा."

 मला वाटलं, साहेब आता 'चालती हो' म्हणतील, आणि बाबांना काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले. पण अर्जाची तारीख दुसऱ्याच दिवशीची होती आणि दुसरा मुन्शी नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दोन बोटांनी टाइप केलं आणि स्वतः सही केली. 'सदर विलंब माझ्या स्वतःच्या नजरचुकीने झाला असून त्याबद्दल दिलगीर आहे.' अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळच्याच पुकाऱ्यात निघाला. समोरच्या वकिलानं हरकत नाही म्हटलं. मॅडमनी वाचला, मान हलवली, मंजूर.

मी ती बातमी घेऊन धावत मुन्शीजींकडे गेले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल, कोणीतरी शेवटी स्वतःची चूक स्वतःच्या नावावर घेतली म्हणून.

"मंजूर झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला. दोन मिनिटांत."

"कोनाच्या बिमारीवर?"

"कोणाच्याच नाही. साहेबांनी लिहिलं, माझी नजरचूक झाली."

"अन् मॅडम काय म्हनल्या?"

"काहीच नाही."

"दंड?"

"नाही."

"इतकंच लिहिलं होतं? माही नजरचूक झाली, इतकंच?"

"इतकंच, मुन्शीजी."

 आतून मिसेस जेवायला हाक मारत होत्या, मुन्शीजींना ती ऐकू आली नसावी. मग माझ्याकडे वळून त्यांनी अगदी हळू विचारलं, "मंग पोरी, मी काहून बिमार पडत होतो?"